थायरॉईडला दिलेला ताण

मला कुणी भांडखोर म्हटलं तर मी वाईट वाटून घेत नाही, कारण ते खरंच आहे. पण डाळिंबातलं हिला काही कळत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शेळगावात आमची डाळिंबाची बाग आहे आणि तिच्यातल्या एकूण एक झाडाला माझा हात लागलेला आहे. छाटणी मीच करते. आमच्या मालकांच्या हातात कात्री दिली की ते झाडाचं जावळ काढून ठेवतात, म्हणून लग्नानंतर दोन-चार वर्षांतच मी ती कात्री काढून घेतली. ते खत घालतात, औषध मारतात, मार्केटला जातात. झाडाला लोखंड मी लावते.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढं मी जो शहाणपणा केला तो याच बागेच्या ज्ञानातून केला. दुसऱ्या कुणा बाईला तो सुचलाच नसता.

डाळिंबाला ताण द्यावा लागतो. ज्यांच्याकडं बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. फळं उतरवून झाली की झाडाचं पाणी तोडायचं. मग महिना-दोन महिने थेंब द्यायचा नाही. आमची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, त्यामुळं आम्ही दिवाळी झाली की लगेच ड्रिप बंद करतो. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग भकास दिसायला लागते. नवखा माणूस घाबरतो. पण पानगळ झाली म्हणजे ताण बसला असं आम्ही समजतो. मग छाटणी करायची, खत घालायचं, पाणी सोडायचं, की झाड कळ्यांनी लालेलाल होतं. बारमाही पाणी पीत बसलेलं झाड नुसतं पाल्यानं माजतं आणि फळ धरत नाही.

मला काही वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. आमची लेक बारामतीला जळोचीत राहते आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिनंच एकदा हौसेनं माझं रक्त काढून नेलं आणि हे लचांड माझ्या मागं लावून दिलं. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी, पण तिचा थाट केवढा. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा तास चहा नाही. मला विचाराल तर आजारापेक्षा तो अर्धा तास जड. मालक समोर बशीत चहा ओतून फुरके मारणार आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसणार.

तर दोन वर्षांमागच्या दिवाळीनंतर बागेतला ड्रिपचा कॉक बंद करताना, हात कॉकवर असतानाच माझ्या मनात आलं. ही आपल्या गळ्यातली ग्रंथी रोज आयती गोळी खाऊन आळशी झाली आहे. हिलाही ताण द्यायला हवा. दोन महिने गोळी तोडली की आधी जरा कोमेजेल, मग हातपाय हलवेल आणि आपलं आपण काम करायला लागेल. मला ते इतकं पटलं की मी तिथंच उभी राहून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या धारेचा गरम चहा मालकांच्या आधी प्यायले. काय सुख होतं ते.

घरात कुणाला सांगितलं नाही. लेकीच्या कानावर गेलं असतं तर तिनं एसटीत बसूनच भांडायला सुरुवात केली असती. सांगितलं ते फक्त एकीला. शेजारच्या वस्तीवरची सून, मला काकी म्हणते. पोरगी झाल्यापासून तिलाही हीच गोळी चालू होती. माझ्याकडं छाटणी शिकायला यायची. पाइप गुंडाळता गुंडाळता मी तिला सगळं शास्त्र समजावलं आणि म्हटलं, "तू बी दे ताण. मी सांगते ना." तिनं मान हलवली. मला मान हलवणारी माणसं फार आवडतात.

त्याच वर्षी तिला धरून आम्ही सहाजणींनी छाटणीची टोळी केली होती. आमच्या भागात छाटणीला येतात त्या गड्यांच्या टोळ्या. बायकांना बोलावतात ते तोडलेल्या काड्या वेचायला. सांगवीचे एक बागायतदार आबा कुणाकडून तरी ऐकून आमची बाग बघायला आले. प्रत्येक झाडाभोवती फिरले, फांद्यांचे काप बोटानं चाचपले आणि म्हणाले, "माझी बाग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात छाटायची हाय. काम तुमाला देतो. पण तुमी सोता कात्री धरणार असाल तरच. न्हायतर माझी नेहमीची टोळी हायच."

मी म्हटलं, "आबा, मी न्हाय धरणार तर कोण धरणार?"

आमच्या टोळीचं ते पहिलं काम. एकदा सांगवीत नाव झालं असतं तर पुढच्या हंगामात आम्हाला कुणी काड्या वेचायला बोलावलं नसतं. बायकांनी कात्र्यांना धार लावून आणली ती तेव्हाच, तीन महिने आधी.

इकडं माझा ताण चांगला बसत चालला होता. दुपारी जेवले की डोळे मिटायला लागले. भर उन्हात स्वेटर घालून फिरायला लागले. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, टाचा फुटल्या, आणि मी हळू बोलते आहे असं मालक म्हणायला लागले, तेही जरा आनंदानंच. मग केस गळायला लागले. कंगव्यात पुंजके यायचे. दुसरी बाई घाबरली असती. मी मात्र तो पुंजका बोटाला गुंडाळत मनात म्हटलं, पानगळ सुरू झाली, म्हणजे आता बरोबर चाललंय. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते आणि हसूही येतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेक आणि जावई हुरडा खायला आले. आमच्याकडं हुरडा चोळायचं काम माझंच. गोवऱ्यांच्या आगटीतून भाजलेलं कणीस काढायचं आणि गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळून दाणे पाडायचे. हाताला सवय असते, चटका जाणवत नाही. त्या दिवशी माझं लक्ष कुठं होतं देव जाणे. एका कणसाला गोवरीचा लालबुंद तुकडा चिकटून आला आणि मी तो मुठीत दाबला. एरवी मी विजेसारखा हात झटकला असता. त्या दिवशी भाजतंय हे कळायलाच मला वेळ लागला. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढी जागा भाजली.

मालक टूथपेस्ट घेऊन पळत आले. मी त्यांच्यावर ओरडले, हात गार पाण्याखाली धरला आणि उरलेला हुरडा जावयाला चोळायला लावला. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली, साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. ते म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत भरेल. दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "थायरॉईडची हाय." ती होतीच, कपाटात.

दोन आठवडे झाले. तीन झाले. जखम होती तशीच. पू नाही, वास नाही, पण भरायचंही नाव नाही. कडा पांढुरक्या, मधे ओलसर, जणू तिला कसली घाईच नव्हती. कात्री धरली की तिचा दांडा बरोबर त्याच जागी टेकायचा आणि पट्टीतून ओल यायची. मी डाव्या हातानं छाटायचा सराव करावा म्हणून परसातल्या लिंबावर गेले. ते लिंबू आजही एका अंगानं बोडकं आहे. टोळीतल्या बायका रोज संध्याकाळी येऊन हात बघून जायच्या. त्या गेल्या की मला रडू यायचं. फेब्रुवारी चार आठवड्यांवर आला होता.

नव्या वर्षाच्या सुट्टीला लेक आली. तिनं पट्टी सोडून बघितली, मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि पिशवीतून सुई काढून रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"आई, रिपोर्ट आला. मला वाटलं मशीन बिघडलं. तेच रक्त मी पुन्हा लावलं."

"मग?"

"मशीन चांगलं आहे. शेवटची गोळी कधी घेतलीस?"

मी म्हटलं, "आज सकाळी का काल..."

"आई."

"दिवाळीला."

मी ठरवलं, आता सगळं सांगूनच टाकावं. मी तिला ताणाचं सांगितलं, आळशी ग्रंथीचं सांगितलं, पानगळीचंसुद्धा सांगितलं. ती आधी इतकी चिडली की तिचा आवाज फाटला. मग पानगळीवर आल्यावर तिला हसू फुटलं, आणि ते थांबेना. पलीकडं लॅबमधलं कुणीतरी तिला पाणी देत होतं ते मला ऐकू येत होतं. हसून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीनं बारामतीला ये. बाबांना घेऊन ये. आणि त्यांना मी सांगणार नाही, तूच सांग."

मालकांना मी एसटीत सांगितलं, कारण एसटीत माणसाला मोठ्यानं बोलता येत नाही. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तरी मी म्हणतोय, ही एवढी गोड का बोलायला लागली."

बारामतीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला माझ्या तोडीच्या. त्यांनी रिपोर्ट बघितला, हात बघितला, आणि ताणाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, "मावशी, तुमच्या बागेत एखादं रोगट झाड असतं ना, मर लागलेलं, मलूल?"

"असतं की."

"त्याला ताण देता?"

मलूल झाडाला ताण दिला तर ते मरतं. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं. ज्या झाडाच्या अंगात साठा आहे त्यालाच ताण द्यायचा असतो. मालक माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

"तुमची ग्रंथी आळशी नाही, आजारी आहे," बाई म्हणाल्या. "तिच्याकडं द्यायला काही उरलेलं नाही, म्हणून तर आपण बाहेरून देतो." मग त्यांनी कागदावर गोल काढला आणि जखम कशी भरते ते दाखवलं. कातडीच्या पेशी कडेकडेनं आत सरकतात, खाली नवं मांस धरतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. ही सगळी कामं करायला पेशींना जोर लागतो, आणि थायरॉईडचं हे द्रव्य प्रत्येक पेशीला कामाला लावतं. ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. पोट, झोप, बोलणं, तसंच कातडीचं हे विणकामही. "पण एकट्या थायरॉईडवर ढकलू नका हं," असंही त्या म्हणाल्या. "खोल भाजलंय, आणि हात तुम्ही सतत पाण्यात घालता. तेही बंद करायचं."

मी विचारलं, "दोन-दोन गोळ्या घेतल्या तर दुप्पट लवकर भरंल का?"

"छाती धडधडायला लागेल. आणि जखमेचं भलं काहीच होणार नाही. पोटात नेमकं जेवढं हवं तेवढंच."

तेवढ्यात मालकांनी तोंड उघडलं. "मॅडम, मी काय म्हणतो. छाटणीच्या जखमेला आमी बोर्डो पेस्ट लावतो. तशी ती गोळी वाटून हिच्या हाताला लावली तर?"

मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. पण बाई हसून म्हणाल्या, "असा विचार शास्त्रज्ञांनीही केलेला आहे काका, वरून लावून बघायचा. पण ते त्यांचं काम. तुम्ही खलबत्ता काढू नका." त्यानंतर कित्येक दिवस मालक आमच्याकडं आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "मी आणि शास्त्रज्ञ एकाच दिशेनं विचार करतो."

फेब्रुवारीपर्यंत भरेल का, हे मी उठता उठता विचारलं. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. रक्तातलं प्रमाण पूर्ण जागेवर यायला दीड महिना लागेल, जखम त्याआधी हलायला लागेल असं वाटतंय, पण शब्द देत नाही म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला शेजारची सून आठवली. माझा हात माझ्या मूर्खपणानं अडकला होता, ते ठीक होतं. पण तिला तर मीच ताण द्यायला लावलं होतं. रोज काट्यात हात घालणारी पोरगी, घरात तान्हं लेकरू. एसटीतून उतरले ती मी घरी न जाता तडक तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. उभ्या उभ्याच मी म्हटलं, "माझं चुकलं. मला त्यातलं काही कळत न्हाय. उद्याच्या उद्या गोळी सुरू कर आणि डॉक्टरला दाखवून घे." माझं चुकलं हे वाक्य मी सासूबाईंनाही कधी म्हटलं नव्हतं. तिनं पिठाच्या हातानं पदर सावरला आणि खाली बघून म्हणाली, "व्हय काकी, घेते." आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कॅलेंडरकडं बघायला लागले. पहिल्या सकाळी मालकांनी चहा केला, दोन कप भरले आणि दोन्हींवर बशा झाकून माझ्यासमोर बसून राहिले. मी म्हटलं, "तुमी प्या की." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझा अर्धा तास झाला की पिऊ." गार झालेला चहा त्यांना विष वाटतो, हे मला लग्नापासून माहीत आहे. तो माणूस रोज अर्धा तास तसाच बसायचा, पेपरात तोंड घालून, आणि मग दोघांचा चहा पुन्हा गरम करायचा. भांडीही तेच घासायचे, माझा हात कोरडा राहावा म्हणून. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, "गोळी लागू पडली न्हाय वाटतं अजून, गोडच बोलतीयस."

आठ-दहा दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी पट्टी बदलताना कडेला गुलाबी रेघ दिसली, दोऱ्याएवढी. मी मालकांना हाका मारून बोलावलं. दोन दिवसांनी ती रेघ सुतळीएवढी झाली. संक्रांतीला तिळगूळ देताना बायकांनी आधी माझा हात उलटा करून बघितला, मग तिळगूळ घेतला. दिवसा झोप यायची कमी झाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रुपया चार आण्याएवढा राहिला, आणि त्याच आठवड्यात मी शेजारणीशी कचऱ्यावरून कडकडून भांडले. मालकांनी लगेच लेकीला फोन लावला, "आई बरी झाली."

सांगवीला निघायचं त्या दिवशी जखम मिटलेली होती. नवी कातडी पातळ, चकचकीत, जरा ओढल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं वर मऊ कापड गुंडाळून हातमोजा घातला. पहाटे टेम्पोत सहाजणी बसलो. माझी गोळी घाईत राहून गेली होती, ती मी सांगवीच्या बांधावर उतरल्यावर बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली. आबा आले, माझ्या हातमोज्याकडं बघून म्हणाले, "काय वो, हाताला काय झालं? धरता येतीय ना कात्री?"

मी समोरच्या झाडाच्या बुडातून फुटलेला फुटवा धरला, कात्री लावली आणि दाबली. दुखलं थोडं. पण काप स्वच्छ आला आणि पट्टीला ओल आली नाही. आबांनी वाकून काप बघितला, मान डोलावली आणि घराकडं वळून चहा सांगितला. मागं पाचजणी उभ्या होत्या त्या हसायला लागल्या.

चहा आला. आबांच्या घरच्या माणसानं ट्रे माझ्यापुढं धरला. मी हात आडवा केला, म्हटलं, "थोडं थांबा, माझा अर्धा तास व्हायचाय." आणि माझ्या शेजारूनच दुसरा आवाज आला, "माझा बी."

शेजारची सून. तिनं कमरेची पिशवी उघडून गोळ्यांचं पाकीट मला दाखवलं. "आज तुमच्यासारखाच उशीर झाला काकी, गडबडीत."

मी म्हटलं, "चांगलं झालं बाई, परत सुरू केलीस ते. महिना झाला ना आता?"

ती चोरट्या आवाजात म्हणाली, "काकी, रागवू नका. मी सोडलीच नव्हती. पोरगी झाल्यापासून एक दिवस चुकली न्हाय."

"अगं, मग मी दिवाळीत सांगितलं तवा मान कशाला हलवलीस?"

"तुमाला न्हाय कसं म्हणायचं? तुमी इतकं मनापासून सांगत हुता."

"आणि त्या दिवशी मी माफी मागायला आले, तवा?"

"तवा तुमी रडकुंडीला आला हुता. अजून वाईट वाटलं असतं तुमाला."

माझं डोकं सणकलं. महिनाभर या पोरीच्या काळजीनं माझी झोप उडाली होती, आणि हिनं माझं ऐकलंच नव्हतं. जन्मभर मी एकाच गोष्टीवरून चिडत आले आहे, की माझं कुणी ऐकत नाही. तोंड उघडलं होतं मी चांगलं झापायला. पण डोळेच भरून आले. मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच हातानं.

मग नाक पुसून म्हटलं, "बरं, आता छाटणीचं तरी ऐकशील का माझं?"

ती म्हणाली, "त्यात न्हाय कसं म्हणीन, काकी? झाडाचं तुमच्यावाचून कुणाला कळतंय?"

तिनं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. आम्ही दोघींनी कात्र्या उचलल्या आणि चहा गार व्हायला ठेवून पहिल्या ओळीत शिरलो.